मदत हवी आहे : बाबांच्या पाइपच्या तंबाखूपासून घरी केलेला व्हेपचा द्रव

कुळागरातली

नमस्कार. इथे दोन-तीन वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा 72 वर्षांचे. खनिजाच्या बार्जवर आयुष्य गेलं, शेवटी शेवटी मास्टर होते. 1979 साली मुरगाव बंदरात एका ग्रीक जहाजाच्या कप्तानाने त्यांना ब्रायरच्या लाकडाचा पाइप भेट दिला. त्याआधी बिडी होती, तेव्हापासून पाइप. दिवेलागण झाली की सोप्यावर आरामखुर्ची, मांडीवर तंबाखूचा डबा, आणि भरायलाच दहा मिनिटं. आमच्या घराला तो वास आहे. व्हॅनिला, किंचित गूळ, आणि मागे ओल्या लाकडासारखं काहीतरी. आई गेल्यावर तिचं कपाट उघडलं तर लुगड्यांनाही तोच वास होता.

गेल्या पावसाळ्यात सीओपीडीचं (श्वासनलिका आखडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) निदान झालं. डॉक्टरांनी पाइप बंद करायला सांगितला. बाबांनी एकोणीस दिवस काढले. विसाव्या दिवशी न्हाणीमागे पोफळीखाली उभे राहून ओढताना मला दिसले. मी काही बोलले नाही, कारण त्यांचा चेहराच इतका उतरला होता.

मग भाचा सुट्टीवर आला. क्रूझवर असतो. येताना त्याने व्हेपचं यंत्र, म्हणजे ई-सिगारेट, आणलं. "आत्ये, यात धूर नाही, आजोबांना हे चालेल." सोबत पुदिना आणि आंब्याच्या बाटल्या होत्या. बाबांनी एक झुरका घेऊन खाली ठेवलं, म्हणाले, यात तंबाखू कुठे आहे? तेव्हा मी ठरवलं की त्यांच्या डब्यातल्याच तंबाखूचा अर्क करायचा.

20 ग्रॅम तंबाखू, फार्मसीतून आणलेलं 100 मिली ग्लिसरीन (हातापायांच्या भेगांना लावतो तेच). कोमट पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवून दोन दिवस, मग आठवडाभर अंधाऱ्या फडताळात. पंचाने गाळलं, मग कॉफीच्या कागदातून गाळलं. वासासाठी केकमध्ये घालतात तो व्हॅनिला इसेन्स, चार थेंब.

झालं असं की
– द्रव काकवीसारखा काळसर आणि दाट झाला.
– यंत्रातली कॉइल (द्रव तापवणारी तार) एका दिवसात जळून काळी पडली, करपलेल्या गुळाचा वास येऊ लागला.
– बाबांना त्या रात्री इतका खोकला आला की आम्ही दोघंही झोपलो नाही.
– गाळताना माझे हात बरबटले होते. तासाभराने डोकं गरगरायला लागलं, मळमळलं. ते उन्हाने की कशाने, कळलं नाही.

मला हवं आहे ते असं. ग्लिसरीन कोणतं घ्यावं? गाळायची चांगली रीत कोणती? किती कडक करावं? "सोडायला सांगा" एवढंच कृपा करून लिहू नका. ते मी रोज सांगते.

---

काळा_कोळसा

आधी कॉइलचं सांगतो. मी बारा वर्षं इंग्लंडात होतो, तिथे हा उद्योग स्वतः केला आहे. पाइपचा तंबाखू म्हणजे नुसतं पान नसतं. बाबांच्या डब्यातला व्हॅनिलाचा वास येतो म्हणजे तो बहुतेक कॅव्हेंडिश पद्धतीचा असणार. पान वाफवून दाबतात आणि वर साखर, मळी, ज्येष्ठमध, कधी रम असा मुलामा चढवतात. ती सगळी साखर तुमच्या ग्लिसरीनमध्ये उतरली. कॉइल तापली की ती जळते आणि थर बसतो. पानातलं मेण आणि डिंकही येतात. कॉफीच्या कागदाने हे सगळं अडत नाही, कारण ते विरघळलेलं तरी असतं, नाहीतर फार बारीक. कितीही गाळा, साखर तिथेच राहणार. आणि जळकी साखर म्हणजे नुसती चव बिघडली असं नाही, त्यातून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड अशी घातक रसायनं तयार होतात. बाबांचा खोकला मला तरी त्यातलाच वाटतो.

तिथे दुकानात मिळणाऱ्या तंबाखूच्या चवीच्या बाटल्यांत बहुतेक वेळा पान नसतंच. चव वेगळी तयार करतात, निकोटिन शुद्ध करून मोजून घालतात. मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर नेता येत नाही, असा तिथला नियम आहे.

---

रसायनवाला

ताई, बाकी सगळं मागाहून. ती बरणी आत्ता कुठे आहे?

हिशेब करू. सुक्या पानात साधारण 1 ते 3 टक्के निकोटिन असतं. 2 टक्के धरलं तर 20 ग्रॅममध्ये 400 मिलिग्रॅम. सगळं उतरलं असं मानलं तर 100 मिलीत, म्हणजे मिलीला 4. प्रत्यक्षात किती उतरलं ते घरी मोजता येत नाही, आणि पुढच्या खेपेला वेगळंच येईल. चहाच्या चमच्यात 20 मिलिग्रॅम झाले. लहान मुलाला काही मिलिग्रॅमनेही उलट्या होतात. घरात लहान मूल आहे का?

तुमचं गरगरणं उन्हाने नव्हे. निकोटिन कातडीतून आत जातं. ओला तंबाखू खुडणाऱ्या मजुरांना हाच त्रास होतो, त्याला हिरव्या तंबाखूचा आजार असंच नाव आहे. हात साबणाने धुवा, ते कपडे वेगळे धुवा.

---

कुळागरातली

@रसायनवाला, तुमचा प्रतिसाद वाचला आणि उठूनच गेले. बरणी फडताळात काकवीच्या बाटलीशेजारी होती. धाकट्या भावाची मुलगी चार वर्षांची आहे, घावनाबरोबर रोज काकवी मागते. आता बरणी कुलपात आहे, चावी माझ्या गळ्यात. हात अजून थरथरताहेत. तुम्ही विचारलंत म्हणून, नाहीतर माझ्या डोक्यात आलंच नसतं.

---

रसायनवाला

बरं केलंत.

आता ग्लिसरीन. भेगांना लावायचं ग्लिसरीन फुप्फुसात घालायचं नसतं, बाटलीवर आय.पी. (भारतीय औषधसंहितेप्रमाणे शुद्ध) लिहिलेलं असलं तरी. ते लावण्यासाठी किंवा पोटात घेण्यासाठी तपासलेलं असतं. आणि ग्लिसरीनच्या भेसळीचा इतिहास आपल्याकडे वाईट आहे. 1986 साली मुंबईत जे.जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. 2022 मध्ये गांबियात खोकल्याच्या औषधातून हेच विष मुलांच्या पोटात गेलं. वासावरून, चवीवरून ते ओळखता येत नाही, तेही गोडच लागतं.

केकचा इसेन्स तर अजिबात नको. खायला चालतं ते हुंगायला चालतंच असं नाही. पोटात आम्ल आहे, यकृत आहे. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक पातळ पडदा, बस्स. चवीत तेल असेल तर त्याने एका प्रकारचा न्यूमोनिया होतो. लोण्याच्या चवीतलं डायअसिटिल खाणाऱ्याला काही करत नाही, पण अमेरिकेत मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात ते हुंगणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आखडल्या. 2019 ची गोष्ट घ्या. व्हेपमध्ये व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलं गेलं, अमेरिकेत फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल किंवा मृत, त्यांत 68 मृत्यू. हे व्हिटॅमिन आपण तोंडाला चोपडतो, गोळ्या करून गिळतो.

---

पाटो_पुलावरून

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं. ई-सिगारेटवर देशात 2019 पासून बंदी आहे. सप्टेंबरात अध्यादेश, डिसेंबरात कायदा. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळं आलं. द्रवात निकोटिन असो वा नसो, फरक पडत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिने किंवा 50 हजार किंवा दोन्ही. नुसतं ओढणाऱ्याला शिक्षा असं कलम त्यात नाही. पण भाच्याला सांगा, पुढच्या सुट्टीत बॅगेतून आणखी काही आणू नकोस. कस्टममध्ये त्याची नोकरी पणाला लागेल.

---

काळा_कोळसा

एका गोष्टीवर मला बोलायलाच हवं, नाहीतर धागा एकतर्फी होईल. सिगारेट ओढणाऱ्याने पूर्णपणे व्हेपवर उडी मारली तर नुकसान कमी होतं, आणि सिगारेट सोडायला निकोटिनचं व्हेप हे निकोटिनच्या पट्टी-गमपेक्षा जास्त उपयोगी पडतं, याचा पुरावा चांगला आहे. इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवाच ते सुचवते. मी स्वतः तसाच सुटलो. पण तो पुरावा कारखान्यात मोजून केलेल्या द्रवाचा आहे, पान शिजवलेल्या बरणीचा नाही. इथे तो नियमातला द्रव मिळायचा मार्गच बंद आहे, तेव्हा तुमच्यापुरता हा रस्ता संपतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुमच्या वडिलांच्या जागी माझे असते तर मीही हेच म्हटलं असतं.

---

उसासा

छातीच्या रुग्णांचे व्यायाम घेते, वीस वर्षं होतील. डॉक्टर नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

तुम्हाला एकच विचारते. बाबा पाइपचा धूर आत ओढायचे, की तोंडात घोळवून सोडायचे?

---

कुळागरातली

तोंडात घोळवून सोडायचे. बिडीसारखं आत नाही. लहानपणी आम्ही विचारायचो तेव्हा सांगायचे, पाइप पितात, ओढत नाहीत.

---

उसासा

मला तेच वाटलं होतं. म्हणजे इतकी वर्षं त्यांना निकोटिन मिळालं ते बरंचसं गालाच्या आतल्या कातडीतून. धूर थोडाफार छातीत जातोच, म्हणून पाइप निरुपद्रवी ठरत नाही. पण व्हेपची वाफ गालात थांबत नाही, ती आत ओढायचीच वस्तू आहे. आजारी छाती वाचवायला म्हणून जे केलं त्याने त्याच छातीत पूर्वीपेक्षा जास्त काहीतरी जायला लागलं. ज्याचा मुक्काम तोंडात होता त्याला तुम्ही फुप्फुसात नेलंत. दोष देत नाही, भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

यातूनच वाट दिसते. निकोटिन गम गालातूनच शोषला जातो, म्हणून पाइपवाल्यांना तो पटकन जमतो. 2 मिलिग्रॅमचा फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो. पण तो च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नाही. चार-पाच वेळा चावायचा, तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, जाणवेनासा झाला की पुन्हा चावायचा. साधारण अर्धा तास. आणि आपल्याकडची खास गोष्ट: आंबट काही घेतल्यावर पंधरा मिनिटं गम नको. तोंडात आम्ल असलं की निकोटिन गालातून जातच नाही, सगळं पोटात जातं, उचकी लागते आणि माणूस म्हणतो याचा उपयोग नाही. जेवणावर सोलकढी पिऊन लगेच गम घेणारे मी किती पाहिलेत! कॉफीचंही तेच.

बाबांना हृदयाचं काही असेल तर आधी विचारा. पट्टी आणि गम दोन्ही लागतात का, गोळ्या द्यायच्या का, हे डॉक्टरांचं काम. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) छातीच्या विभागात दाखवा. तंबाखू सोडायच्या मदतीचा, पाकिटांवर छापलेला 1800-11-2356 हा क्रमांक फुकट आहे. त्यावर बाबांनी स्वतः बोलावं, तुम्ही नव्हे. एकोणीस दिवस काढलेला माणूस आहे, त्याला सोडता येत नाही असं कोण म्हणेल?

---

कुळागरातली

सगळ्यांचे आभार, पण एवढ्याने भागत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काल संध्याकाळी बाबांना @उसासा यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "मुक्काम तोंडात होता" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प होते. म्हणाले, मला ते यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, पण तू एवढं खपलीस म्हणून ओढलं.

मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी करते आहे. ते माझ्यासाठी ओढत होते. रात्रभर खोकले तेही.

मग मी विचारलं, नेमकं काय हवंसं वाटतं? म्हणाले, हाताला काहीतरी हवं, आणि डबा उघडल्यावर येतो तो वास. झुरक्याचं त्यांनी नावही घेतलं नाही. सकाळी गम आणला. पेज घेतल्यावर वीस मिनिटं थांबून दिला. कडू लागतो म्हणाले, पण अर्धा तास धरला. रिकामा पाइप हातात होता, पेटवायचा नाही या बोलीवर. गोमेकॉत मंगळवारी जातो आहोत.

आता शेवटची मदत. ती बरणी आणि यंत्र यांचं काय करू? शेजारचे दादा म्हणतात तंबाखूचं पाणी मिरचीवर मारतात, तेच कर. न्हाणीचं पाणी आमच्याकडे पाटाने पोफळींना जातं, म्हणून मोरीत ओतायला धीर होत नाही.

---

पेडण्याची_मिरची

मिरचीवर मुळीच नको. तंबाखूच्या काढ्याने मावा (रस शोषणारी कीड) मरतो हे खरं, जुनी माणसं मारायची. पण वाळलेल्या पानातही मोझॅकचा विषाणू जिवंत राहतो, आणि मिरची, टोमॅटो, वांगी सगळी त्याच कुळातली. एकदा पानं चट्ट्यापट्ट्यांची झाली की रोप उपटण्यावाचून इलाज नाही. शिवाय निकोटिनने मधमाश्या मरतात आणि पाण्यात गेलं तर मासेही. पाटात ओतलं नाहीत हे फार चांगलं.

हातमोजे घाला. जाड प्लास्टिकच्या बाटलीत लाकडाचा भुसा भरा, त्यात द्रव जिरवा, झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी. बाटलीवर मोठ्या अक्षरांत "विषारी" लिहा. पंचायतीच्या गाडीला ओल्या-सुक्यात न टाकता हातात द्या आणि काय आहे ते सांगा, नाहीतर कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला लागेल. रिकामी बरणीही त्याबरोबरच जाऊ दे, धुऊन परत लोणच्याला घेऊ नका. यंत्रात लिथियमची बॅटरी असते, ती ई-कचऱ्यात, वेगळी.

---

कुळागरातली

भुसा वखारीतून आणला. बाबा म्हणतात बाटलीवर अक्षरं तेच काढणार, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा ठसठशीत आहे.