प्लॅनर हेडफोनवर डग्ग्याची थाप हलकी का वाटते? मदत हवी आहे

पाच वर्षं सेनहायझर एचडी 600 हेडफोन (डायनॅमिक, म्हणजे नेहमीच्या कॉइल-पडद्याचा, 300 ओहम) वापरतोय. महिन्यापूर्वी ओपन-बॅक (मागून उघडा) प्लॅनर (चपट्या, पातळ पडद्याचा हेडफोन) घेतला: 25 ओहम, संवेदनशीलता 91 डेसिबल. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा ब्रँडवरच जाते.

तानपुऱ्याच्या तारा प्लॅनरवर सुट्ट्या ऐकू येतात, डग्ग्याचा घिस्साही (तळहात घासून काढलेला घुमारा) पार खालपर्यंत स्वच्छ उतरतो. पण 'धा' पडला की एचडी 600 वर जो धक्का जाणवतो, तो इथे येतच नाही. तबला शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटतं.

दोन्हींचा आवाज मोबाइलच्या मीटर ॲपने जुळवून पाहिला. ईक्यूमध्ये (इक्वलायझर) 100 हर्ट्झखाली 4 डेसिबल वाढवले, तर नुसतंच घुमायला लागलं. चष्मा काढून, गाद्या नीट बसवूनही तेच. फाइली फ्लॅकच (दर्जा न घटवणारा फॉरमॅट) आहेत.

लॅपटॉपला साधा यूएसबी डाँगल (हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) आहे, प्लॅनरसाठी आवाज 90 टक्क्यांवर न्यावा लागतो. वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) नाही. बजेट 10 हजार, क्लोज्ड-बॅक नको.

हा डाँगलची ताकद कमी पडण्याचा प्रकार आहे, की प्लॅनरचा पातळ पडदा असाच वाजतो? डाँगलवरून ॲम्पवर गेलेल्यांना नेमका थापेत फरक जाणवला का, की फक्त आवाज वाढला?