बाबांचा रिपोर्ट स्टेज ३बी आलाय, स्टेज सोडून अजून काय बघायचं असतं?

कऱ्हाडची_लेक
बाबांचं (वय ६४) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काल बायोप्सीचा मोठा रिपोर्ट आला. टी३ एन१बी, १६ पैकी २ लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड) कॅन्सर. नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळे टक्के, रात्रभर तेच वाचत बसले, आई विचारते काय लिहिलंय आणि मला सांगता येत नाहीये. नुसत्या स्टेजवरून कळतं का हो पुढचं?

स्लाइडवाली
नाही गं, नुसत्या स्टेजवरून नाही कळत. टी म्हणजे कॅन्सर आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलाय, एन म्हणजे किती लसिका गाठींत पोचलाय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून सांगते, आधी तो १६ आकडा बघ. निदान १२ गाठी तपासल्या गेल्या पाहिजेत, कमी तपासल्या तर "फक्त २" वर विश्वास कसा ठेवणार, तुमच्याकडे ते नीट झालंय. १ ते ३ गाठी म्हणजे एन१, ४ पासून एन२ आणि तिथे धोका बराच वाढतो. आता खाली लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन (बारीक रक्त-लसिकावाहिन्यांत शिरलाय का), पेरिन्यूरल इन्व्हेजन (नसांभोवती पसरलाय का) आणि मार्जिन (कापलेल्या कडेला कॅन्सर उरलाय का) या ओळी वाच. एमएमआर (कॅन्सरच्या पेशींतली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का याची तपासणी) केलंय का तेही बघ.

पप्पांचा_बंड्या
सीईए (रक्तात मोजतात ती कॅन्सरची खूण) ऑपरेशनच्या आधी किती होता आणि आता किती आहे? वाढलेला असेल तर महिना-दीड महिन्यात नॉर्मलला यायला पाहिजे, नाही आला तर डॉक्टर परत स्कॅन बघतात. बाबा सिगरेट ओढत असतील तर तेही सांगा, त्यानेही थोडा वाढतो. आणि केमो लांबवू नका, जखम भरली की साधारण ८ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. टी३ एन१ ला काही जणांना ६ ऐवजी ३ महिन्यांचा कोर्सही चालतो, स्पष्ट विचारा, कारण ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने हातापायांना मुंग्या येतात त्या कधीकधी वर्षानुवर्षं जात नाहीत. माझ्या पप्पांना अजून शर्टाची बटणं लावता येत नाहीत.

कऱ्हाडची_लेक
लिम्फोव्हॅस्क्युलर "प्रेझेंट", पेरिन्यूरल "नॉट सीन", मार्जिन फ्री. एमएमआरची ओळच नाहीये.

स्लाइडवाली
प्रेझेंट आहे म्हणून घाबरू नकोस, केमो त्यासाठीच असते. मार्जिन फ्री आहे ही मोठी गोष्ट. एमएमआर त्याच जुन्या ब्लॉकवर (ऑपरेशनमध्ये काढून मेणात जपलेला तुकडा) होतं, परत सुई नको, उद्याच सांग करायला, त्यावरून औषधं बदलू शकतात.

रोज_सकाळी_टेकडी
केमो संपल्यावर बाबांना चालतं करा. २०२५ मध्ये आलेल्या चॅलेंज ट्रायलमध्ये ८८९ पेशंट होते, स्टेज ३ आणि जास्त धोक्याचे स्टेज २. ज्यांच्याकडून ३ वर्षं ठरवून व्यायाम करून घेतला त्यांच्यातले ८ वर्षांनी ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांत ८३. बहुतेकांनी भरभर चालणंच निवडलं होतं. डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि बरोबर कुणीतरी जा, एकट्याने होत नाही ते.