स्टिरिओ टर्नटेबलवर मोनो तबकड्या: दोन्ही चॅनेल एकत्र कसे करावेत?

प्रश्न

वडिलांच्या संग्रहातील शास्त्रीय गायनाच्या लाँगप्ले तबकड्या माझ्याकडे आल्या असून त्यांपैकी बऱ्याच मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, आहेत. टर्नटेबलला मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची कार्ट्रिज (सुईची हालचाल विद्युत संकेतात बदलणारा भाग) आहे, फोनो स्टेज (तो क्षीण संकेत वाढवणारे सर्किट) वेगळी आहे आणि अँप्लिफायरला मोनोचे बटण नाही. तंबोरे सुरू झाल्यापासून गायक पहिला षड्ज लावेपर्यंत खरखर डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळी ऐकू येते, तंबोरे मात्र मधोमध राहतात, आणि त्यामुळे मन गाण्यावर ठरत नाही. टर्नटेबल आणि फोनो स्टेज यांच्यामध्ये दोनाचा एक आणि लगेच एकाचे दोन, असे दोन वाय-जोड लावून पाहिले. खरखर बरीच कमी झाली, पण स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. माझे काय चुकले?

पहिले उत्तर

आपली दिशा योग्य आहे. मोनो तबकडीच्या खाचेत ध्वनी केवळ आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टिरिओ तबकडीत खाचेच्या ४५ अंशांत कललेल्या दोन भिंतींवर एकेक चॅनेल असल्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिज आडवी आणि उभी अशी दोन्ही हालचाल टिपते. मोनो तबकडीवर उभ्या हालचालीत संगीत नसतेच. तिथे सापडते ती धूळ, झीज आणि टर्नटेबलची घरघर. आडव्या हालचालीचा संकेत दोन्ही चॅनेलांत सारखा, तर उभ्या हालचालीचा परस्परांच्या उलट असतो, म्हणून दोन्ही चॅनेल जोडताच संगीत टिकते आणि उभ्या हालचालीतून आलेला गोंगाट एकमेकांना खोडून काढतो.

घुमण्याचे कारण बहुधा अर्थिंगचे वेटोळे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडले जाऊन तयार झालेले बंद वर्तुळ, आहे. डाव्या आणि उजव्या तारेच्या बाहेरच्या, अर्थिंगला जोडलेल्या धातूच्या जाळ्या फोनो स्टेजमध्ये आधीच एकत्र येतात. आपल्या वाय-जोडांनी त्या वाटेतही जोडल्या गेल्या. दुसरा वाय-जोड तेथून काढून फोनो स्टेजच्या पुढे न्यावा. टर्नटेबलच्या दोन्ही तारा एका जोडात आणून फक्त डाव्या इनपुटला द्याव्यात, आणि फोनो स्टेजच्या डाव्या आउटपुटचे दोन भाग करून अँप्लिफायरकडे न्यावेत. अशाने कार्ट्रिजवरचा भारही नेहमीचा ४७ किलोओम राहतो, एरवी दोन इनपुट समांतर येऊन तो निम्मा होतो. रिकाम्या इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोके आपसात जोडणारी खुंटी) घालावा.

दुसरे उत्तर

वरील मार्ग उत्तम आहे. मात्र ज्यांच्या टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज आहे, त्यांनी तिचे दोन आउटपुट वाय-जोडाने थेट एकत्र करू नयेत, कारण तेव्हा दोन सक्रिय सर्किटे एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज फाटू शकतो. प्रत्येक आउटपुटच्या मालिकेत साधारण १ किलोओमचा रेझिस्टर घालून मगच ती एका बिंदूला जोडावीत. रेझिस्टर दोन्हीकडे काटेकोर सारखे हवेत, नाहीतर उभा गोंगाट पुरता खोडला जात नाही.

तिसरे उत्तर

सुईकडेही लक्ष द्यावे. जुन्या मोनो लाँगप्लेच्या खाचा २५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकासाठी कापल्या जात, स्टिरिओच्या गोल सुईचे टोक १८ च्या आसपास असते. जाड टोक भिंतीच्या वेगळ्या, कदाचित न झिजलेल्या पट्ट्यावर बसते. घरात नाट्यपदांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या असतील, तर त्यांना सुमारे ७५ मायक्रॉनची सुईच लागते. एक विनंती: उभ्या दिशेने न हलणारी जुनी मोनो कार्ट्रिज स्टिरिओ तबकडीवर कधीही टेकवू नये, ती खाच कायमची बिघडवते.

प्रश्नकर्त्याकडून

मनःपूर्वक आभार. दुसरा वाय-जोड फोनो स्टेजच्या पुढे नेला आणि घुमणे पूर्ण थांबले. काल रात्री एक मारव्याची तबकडी लावली. तंबोऱ्याच्या खर्जाची तार प्रथमच स्वतंत्र ऐकू आली. जिथे ओरखडा खोल आहे तिथे टकटक अजूनही येते, पण आता तीही मधोमधूनच येते आणि कान तिच्यामागे धावत नाहीत. स्टिरिओ तबकड्यांसाठी मूळ तारा बाजूलाच गुंडाळून ठेवल्या आहेत.