दुय्यम पात्राची चौकटीतली जागा कशी ठरवावी? (मदत हवी आहे)

नाशिकमध्ये पंचवटीतील एका जुन्या वाड्यात आम्ही लघुपट चित्रित करणार आहोत. त्यातील विधवा आत्या फारशी बोलत नाही. घरातील तिचे स्थान केवळ दृश्यरचनेतूनच कळावे, अशी माझी इच्छा आहे. ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात कॅमेरा बहुतांशी स्थिर आणि दूर राहतो, आणि न्यायालयात कठोर वाटणारी सरकारी वकील घरी स्वयंपाक करताना दिसते, तेव्हा तिच्याविषयीचे आपले मत कोणत्याही संवादाविना बदलते. आत्याला माजघराच्या दारचौकटीत, मागे, किंचित अस्पष्ट ठेवावे, की पुढच्या बाजूला पाठमोरी आणि मोठी? पहिला पर्याय मला जरा सरधोपट वाटतो. शिवाय माजघरात उजेड अगदीच कमी आहे. जाणकारांनी कृपया कारणांसह सुचवावे.