प्रतिसाद: निटपिकिंग म्हणजे नुसती टीका नव्हे

'निटपिकिंग' या इंग्रजी शब्दाचा अर्थ एका ठिकाणी 'टीका करणे' असा दिलाय, तो फार सैल आहे. निट म्हणजे लीख, उवेचं अंडं. ती केसाला घट्ट चिकटते, धुऊन जात नाही, एकेक ओढून काढावी लागते. त्या किचकटपणातूनच शब्दाला आजचा अर्थ आला, विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकी इंग्रजीत. मराठीत सर्वात जवळचं म्हणजे खुसपट काढणे. अहवालातला हिशेबच चुकलाय हे दाखवणं निटपिकिंग नाही. हिशेब बरोबर असताना स्वल्पविरामावरून अडून बसणं, ते निटपिकिंग.

वापरताना रोख कुणाकडे आहे ते बघा. स्वतःबद्दल 'आय डोन्ट वॉन्ट टु निटपिक, बट...' म्हटलं की ती नम्र प्रस्तावना होते. समोरच्याला 'स्टॉप निटपिकिंग' म्हटलं की सरळ आरोप! सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याचा कोड तपासताना शेऱ्याआधी नुसतं 'निट' लिहितात. म्हणजे सूचना किरकोळ आहे, नाही बदललंत तरी चालेल. ही सोय मला फार आवडते.

याच्या जवळचे आणखी तीन इंग्रजी शब्द आहेत. 'कॅव्हिल' (क्षुल्लक हरकती घेणं) पुस्तकी, त्यापुढे बहुधा 'अ‍ॅट' येतं. 'क्विबल'पुढे 'ओव्हर' किंवा 'अबाउट'. शब्दांचा कीस पाडणं असेल तर हाच घ्यावा. 'कार्प'मध्ये सततची कुरकुर आहे, एकदाच खोड काढणाऱ्याला तो लावू नये. (कार्प माशाशी त्याचा संबंध नाही.)