मुलींची वेगळी रोबोटिक्स बॅच काढलीय, वाद सुरू झालाय. तुमचं मत?

खटपटी
शाळा सुटल्यावर एक रोबोटिक्स क्लब चालतो, तिथे मी शिकवते. आधी सगळे एकत्र होते, आता त्यातली एक बॅच फक्त मुलींची केलीय आणि त्यावरून पालकांमध्ये आणि आम्हा शिकवणाऱ्यांमध्येही चांगलीच जुंपलीय, म्हणून इथे विचारतेय.

का केली ते सांगते. मिक्स टीममध्ये पहिल्या दिवशी किट उघडलं की स्क्रूड्रायव्हर एका मुलाकडे, लॅपटॉप दुसऱ्याकडे आणि मुलगी वही काढून बसते. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही ना." भांडण नाही, दादागिरी नाही, सगळं कसं गोडीत. स्पर्धेत प्रेझेंटेशनही तीच करते, फाडफाड बोलते, परीक्षक खूश. पण तिला विचारा की रोबो काळ्या पट्टीवरून जाताना असा डुलत का चाललाय, की ती त्या मुलाकडे बघणार. कारण कोडमधला गेनचा आकडा, म्हणजे पट्टीवरून सरकल्यावर रोबोने किती जोरात वळायचं ते ठरवणारा, तिने कधी बदललेलाच नसतो. तो आकडा कमी केला की डुलणं थांबतं पण मग रोबो वळणावर पट्टी सोडून भलतीकडेच जातो, पुन्हा वाढवला की पुन्हा डुलतो, हे दहादा करून वैतागल्याशिवाय कंट्रोल म्हणजे काय ते डोक्यात शिरत नाही. ऐकून तर नाहीच नाही.

मुलींच्या बॅचमध्ये मल्टीमीटर (वायरिंगमधली वीज मोजायचं यंत्र) कुणीतरी उचलावाच लागतो, बास, एवढंच माझं लॉजिक आहे. प्रेरणा वगैरे शब्द मी मुद्दाम वापरत नाहीये. मला तिच्या हाताला सवय व्हायला हवीय.

सरळरेषा
स्पष्ट बोलते, राग मानू नका. मी मेकॅनिकलवाली आहे, वर्गात आम्ही मुली नावालाच होतो, आणि मला वेगळं बसवलं असतं तर मी तो कोर्सच सोडला असता. वेगळी बॅच म्हटलं की बाकीचे पहिल्यांदा काय समजतात? सोपी बॅच. मग ती कितीही अवघड असू दे. आणि हळूहळू ती खरंच सोपी होत जाते हेही पाहिलंय, मुलींना आवडेल म्हणून रोबोला गुलाबी पत्रा, चकमकीत एलईडी, "क्रिएटिव्ह" प्रोजेक्ट. उद्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर कोण वेगळी बॅच करून देणार आहे? तिथे स्क्रूड्रायव्हर मागून घ्यावा लागतो, कधी कधी हिसकावूनही. ते शिकायचं वय हेच. तुमच्याकडे मुलं शिष्टपणे वागत असतील तर तो प्रॉब्लेम मुलांचा आणि शिकवणाऱ्यांचा, त्यासाठी मुलींना का हलवायचं?

खटपटी
गुलाबी काही नाहीये हो, किट तेच, टास्क तेच. पण हिसकावून घ्यायचं म्हणता, तर आधी ती वस्तू हातात आलेली तर हवी. बारा वर्षांच्या पोरीला स्वतःला येतं की नाही तेच माहीत नसताना ती कशाच्या जोरावर हिसकावणार?

आकडेमोड
दोघींचंही अर्धं अर्धं पटतंय, पण वयाचा मुद्दा राहिलाच. चेंबर्स नावाच्या संशोधकाने मुलांना "शास्त्रज्ञाचं चित्र काढा" असं सांगून केलेला अभ्यास १९८३ साली छापून आला, ४८०७ मुलांपैकी फक्त २८ जणींनी बाई काढली होती. जणींनीच, मुलग्यांपैकी एकानेही नाही. अशा अमेरिकन अभ्यासांचा २०१८ साली एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा १९८० नंतरच्या काळात हे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत आलेलं दिसलं. म्हणजे सुधारणा आहे. पण त्यातच हेही दिसलं की मूल जितकं मोठं तितकं ते पुरुष काढण्याकडे जास्त झुकतं. दुसरा एक अभ्यास २०१७ चा, पाच वर्षांच्या मुली "खूप खूप हुशार" म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी असं मुलांइतकंच मानतात आणि सहाव्या वर्षापासून ते घसरायला लागतं. सहाव्या! आणि आपण क्लब काढणार बाराव्या वर्षी, म्हणजे वरातीमागून घोडं.

शिवाय शाळेनंतर क्लबला येतं कोण? जिला आधीच आवड आहे ती. मग ती पुढे इंजिनियरिंगला गेली की क्लबवाले फोटो लावणार, बघा आमच्यामुळे.

मधलाबाक
आणि मुलग्यांचं काय? पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात मुली सरळ पुढे असतात, त्यासाठी मुलग्यांचे वेगळे वाचन क्लब कुणी काढल्याचं ऐकलं नाही. मुलींना अडवू नका एवढं पुरे आहे, ढकलायचं कशाला. २०१८ मध्ये स्टूट आणि गीअरी या मानसशास्त्रज्ञांचा पेपर आला होता, जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त त्या देशांत सायन्स-टेक्नॉलॉजीच्या पदव्या घेणाऱ्यांमध्ये मुलींचा वाटा उलट कमी. म्हणजे मोकळीक मिळाली की माणूस आवडीचं घेतो. मुली सायन्समध्ये कमी नाहीत, पण वाचन-लेखनात त्याहून पुढे असतात, म्हणून तिकडे जातात. यात अन्याय कुठे आला?

सरळरेषा
@मधलाबाक वाचन क्लब काढा की, अडवलंय कुणी? मी येते शिकवायला.

आकडेमोड
@मधलाबाक त्या पेपरमधल्या आकडेमोडीच्या पद्धतीवर आक्षेप आले आणि २०१९ मध्ये लेखकांना दुरुस्ती छापावी लागली, तेवढं सांगत जा. मुख्य निष्कर्षावर ते ठाम राहिले हेही खरं. पण तुमच्या "आवडी"ला एक प्रश्न. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत मुलींचं प्रमाण १९८४ च्या सुमाराला ३७ टक्के होतं, नंतर घसरत १८ च्या आसपास आलं. त्या पंचवीस-तीस वर्षांत मुलींचा मेंदू बदलला का? त्याच काळात घरोघरी कॉम्प्युटर आले आणि ते मुलाच्या खोलीत गेले. तिथल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्गोलिस आणि फिशर या दोघांनी विद्यार्थ्यांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्यात हेच वर आलं. मुलं पहिल्या वर्षाला येतानाच प्रोग्रामिंग खेळून आलेली आणि मुलींना वाटायचं आपल्यालाच येत नाही. मग कॉलेजने प्रवेशाला आधीच्या कोडिंगचं वजन कमी केलं, अनुभव नसलेल्यांना वेगळी सुरुवात दिली. १९९५ ला ७ टक्के मुली, २००० ला ४२. पाच वर्षांत कुणाची आवड एवढी फिरत नाही.

मधलाबाक
एका कॉलेजचं उदाहरण झालं ते. निवडूनच घेतली असतील तर आकडा वाढणारच. तरी ३७ वरून १८ चं उत्तर माझ्याकडे लगेच नाही, हे मान्य.

खडूफळा
मी शाळेत शिकवते, आणि माझा वाद मुली-मुलग्यांचा नाहीच, "शाळेनंतर" या शब्दांशी आहे. शाळेनंतर कोण थांबू शकतं याचा विचार केलाय का? माझ्या वर्गातली गणितात सगळ्यात तल्लख पोरगी घंटा झाली की पळत सुटते, धाकट्या भावाला आणायचं असतं. दुसरीची बस चुकली तर पुढची अंधारात. मुलगा उशिरा आला तर "खेळत असेल", मुलगी उशिरा आली तर चौकशी समिती. म्हणजे ज्या मुलींसाठी तुम्ही हे करताय म्हणता त्यातल्या निम्म्या दारातच गळतात आणि उरतात त्या गाडीने नेणाऱ्या पालकांच्या.

वर कुणी दिलेलं उदाहरणही बघा, कार्नेगी मेलनने जे बदललं ते कॉलेजच्या आतलं. इंजिनियरिंग शिकवणाऱ्या शेरिल सॉर्बी यांचं अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठातलं कामही तसंच. वस्तू मनातल्या मनात फिरवून दुसऱ्या बाजूने कशी दिसेल ते ओळखायचं, यात पहिल्या वर्षाच्या बऱ्याच मुली अडकायच्या, त्यांना सरावाचा छोटा कोर्स दिला, आयसोमेट्रिक स्केचिंग (वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवणं), ठोकळे, कागदावर खाडाखोड, आणि इंजिनियरिंगमध्ये टिकणाऱ्या मुली वाढल्या. उपजत म्हणून सोडून दिलेली गोष्ट सरावाने येत होती! आणि हा कोर्स वेळापत्रकात होता, मास्तरीण बाईंच्या फावल्या वेळात नाही. पॅरिसकडच्या शाळांमध्ये स्त्री शास्त्रज्ञांना वर्गात फक्त तासाभरासाठी बोलावलं, भर वर्गात, सगळ्यांसमोर, तर बारावीच्या वयाच्या मुलींच्या निवडीवर फरक दिसला, मुख्यतः हुशार मुलींमध्ये. त्यातही ज्या पाहुण्यांनी "या क्षेत्रात बायका किती कमी" हेच जास्त उगाळलं तिथे परिणाम कमी झाला. पोस्टर लावणाऱ्यांनी हे वाचावं.

निवांत
क्लबची खोली कशी दिसते तेही बघा एकदा. चेरियन या संशोधिकेचा २००९ चा अभ्यास आहे, खोलीत स्टार ट्रेक या अंतराळावरच्या मालिकेचं पोस्टर, गेमचे डबे, कॉमिक्स ठेवले तर मुलींचा कॉम्प्युटर सायन्समधला रस कमी झाला, निसर्गचित्र ठेवलं तर नाही. फुकटात होणारं काम आहे.

खटपटी
@खडूफळा बाई, तुमचं बसचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण वेळापत्रक बदलायचं म्हणजे समिती, मंडळ, मूल्यमापन, त्यात किती वर्षं जातील सांगा. तोवर या मुली दहावी होऊन जातील. मला संध्याकाळचा दीड तास मिळालाय, तो मी कसा वापरू एवढंच माझ्या हातात आहे. तुम्ही वर्गातली लढाई लढा, मी कुठे नाही म्हणतेय.

@सरळरेषा तुमच्या मुद्द्यावर असा विचार करतेय की वेगळी बॅच फक्त पहिलं सत्र, नंतर एकत्र, आणि एकत्र झाल्यावर कामं दर आठवड्याला फिरती. वायरिंग, कोड, चाचणी, लिखाण. ज्याचा आठवडा नाही त्याने हात लावायचा नाही, समोरच्याने मोटरच्या वायरी उलट्या लावून रोबो मागे पळवला तरी.

सरळरेषा
हे चालेल. पण मग फिरती कामं पहिल्यापासूनच लावा ना, वेगळं सत्र हवंच कशाला? मी अजून तिथेच आहे.

आकडेमोड
यावर नुसतं भांडण्यापेक्षा मोजता येईल. क्लबला जागेपेक्षा जास्त अर्ज येतात का? येत असतील तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्या. ज्यांना मिळाला आणि ज्यांना नाही मिळाला, दोघींचे पत्ते ठेवा, आणि दोन-तीन वर्षांनी कुणी कुठले विषय घेतले ते विचारा. आवड दोघींना होतीच, त्यामुळे फरक दिसला तर तो क्लबचा म्हणता येईल. संख्या लहान आहे, ठाम काही निघणार नाही कदाचित, पण फोटो लावण्यापेक्षा बरं.

खटपटी
अर्ज जास्त येतात खरे. आत्तापर्यंत जो आधी येईल त्याला देत होतो, म्हणजे परत गाडीवाले पालकच पुढे. चिठ्ठ्यांनी तेही सुटेल थोडं. करून बघते, पण पालकसभेत चिठ्ठ्या काढायला तुम्ही उभे राहायचं.

आकडेमोड
तारीख कळवा. हेल्मेट घालून येतो.