घोड्याच्या चित्रात श्रद्धा उमटावी कशी?

प्रश्न : माळरान

मी खेड्यात राहतो आणि गेली अकरा वर्षे चित्रे काढतो. कलेचे रीतसर शिक्षण झालेले नाही. विषय जवळजवळ एकच आहे : कुरणातले घोडे, त्यांच्यामागचे आभाळ आणि या दोहोंकडे पाहताना मनात उतरणारी प्रार्थनेसारखी शांतता. जागेवर बसून केलेली कोळशाची रेखाटने मला जिवंत वाटतात. परंतु त्यांवरून घरी मोठे तैलचित्र करायला घेतले, की श्रद्धा स्पष्ट दिसावी म्हणून मी ढगांतून किरणे सोडतो, घोड्याची मान नमवतो, आयाळीला सोनेरी कडा देतो, आणि चित्र शुभेच्छापत्रासारखे गुळगुळीत होऊन बसते. श्रद्धा चित्रात आणूच नये, की आणण्याची माझी रीतच चुकते आहे? चौखूर उधळलेला घोडा छायाचित्रावरून काढावा का, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

उत्तर : कोळसा

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. कुरणात आपण घोड्याकडे पाहता. घरी मात्र घोडा नजरेआड असतो आणि आपण स्वतःच्या भावनेकडे पाहत राहता. जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने एका आडगावच्या शेतघरात सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचे विच्छेदन करून त्यांचे स्नायू आणि हाडे थरांमागून थर रेखाटली, आणि त्या अभ्यासाचा चित्रग्रंथ 1766 मध्ये प्रसिद्ध केला. त्याने 1762 च्या सुमारास रंगवलेला ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळजवळ तीन मीटर उंचीच्या त्या चित्रात ना आभाळ आहे, ना झाड, ना स्वार. नुसत्या फिकट पृष्ठभागावर एक घोडा आहे, आणि तरीही त्याच्यासमोर उभे राहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आपल्याला विच्छेदन करायचे नाही. पण काही गोष्टी डोळ्यांत भिनलेल्या असाव्यात. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो रचनेने आपल्या मनगटाशी जुळतो, आणि मागच्या पायाचा जो सांधा मागे टोक काढून वाकतो, तो आपल्या घोट्याशी. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते, त्यामुळे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि बंधांनी जोडलेले असतात. हे लक्षात आले, की मान खाली जाताना खांद्याचा उतार का बदलतो हे कळते, आणि मग मान ‘नमवावी’ लागत नाही.

छायाचित्राविषयी : फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या 1821 च्या घोड्यांच्या शर्यतीच्या चित्रात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. 1878 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले, की चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. तेव्हा छायाचित्र जरूर वापरावे, पण पायांचा क्रम तपासण्यापुरते. जवळून घेतलेल्या छायाचित्रात डोके प्रमाणाबाहेर मोठे येते आणि तीच चूक चित्रात शिरते, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर : निळाई

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र जर्मन चित्रकार फ्रान्ट्स मार्कचे नाव येथे यायलाच हवे. तरुणपणी त्याला धर्मशास्त्र शिकायचे होते. पुढे तो चित्रकलेकडे वळला आणि 1910 पासून बव्हेरियातल्या सिंडेल्सडॉर्फ या खेड्यात राहून घोडे रंगवू लागला. त्याचे घोडे निळे आहेत, कारण निळा हा त्याच्या लेखी अध्यात्माचा रंग होता. कोणतेही धार्मिक चिन्ह न वापरता त्याने सगळी भक्ती रंगावर आणि पाठीच्या त्या एका वळणावर सोपवली. पण हाच मनुष्य त्याआधी इतरांना प्राण्यांच्या शरीररचनेचे धडे देत असे! मोकळीक घेण्याआधी त्याने घोडा पुरता ओळखलेला होता. 1913 मधले त्याचे ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ हे मोठे चित्र दुसऱ्या महायुद्धापासून बेपत्ता आहे. त्याने स्वतः एका पोस्टकार्डावर केलेला त्याचा छोटा आराखडा तेवढा उरला आहे. तो जरूर पाहावा.

उत्तर : जुना रंगारी

मी थोडा विरोध नोंदवतो. चिन्हे वापरू नयेत, हा आजच्या अभिरुचीचा आग्रह आहे. बायझंटाइन, म्हणजे जुन्या पूर्व रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती धर्मचित्रांत सोनेरी वर्ख उघडपणे येतो आणि तो खोटा वाटत नाही, कारण ते सोने उन्हाची नक्कल करत नाही. ते सपाट असते, त्याला सावली नसते. आपली अडचण चिन्हाची नसून प्रकाशाची असावी. सूर्य घोड्याच्या मागे असेल तरच आयाळीला सोनेरी कड येते, आणि मग आपल्याकडची बाजू अंधारलेली हवी. आपण मात्र कडही देत असणार आणि छातीही उजळ ठेवत असणार. एकाच चित्रात दोन सूर्य आले, की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी चित्रावरचा त्याचा विश्वास उडतो. एक तर निर्भयपणे सपाट सोने लावा, नाही तर जो प्रकाश आहे तोच ठेवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : माळरान

सर्वांचा आभारी आहे. दोन सूर्यांची गोष्ट वाचून जुनी चार चित्रे भिंतीला टेकवून पाहिली. त्यांतल्या तीन चित्रांत ती चूक निघाली. पहाटे पाऊस थांबल्यावर पुन्हा कुरणात गेलो. ओल्या घोडीच्या पाठीवर आभाळाचा थंड राखाडी-निळा रंग पसरला होता, आणि पोटाखाली गवताची हिरवट झाक चढली होती. इतकी वर्षे मी ती पाठ सरळ तपकिरी रंगवत आलो. घरी येऊन अर्धवट चित्रातली किरणे खरवडून काढली. मान खालीच ठेवली आहे, पण आता घोडी चरते आहे, आणि तिचा एक कान माझ्याकडे वळलेला आहे.